सूक्ष्म अन्नद्रव्ये सरसकट नकोत, जमीन आणि पिकाची अवस्था पाहून द्यावीत

प्रति,
माननीय संपादक,

विषय : ठाणे जिल्ह्यातील भात व भाजीपाला पिकांना दिली जाणारी सूक्ष्म अन्नद्रव्यांची खते

महोदय,

मे महिना सरत आला की मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ या तालुक्यांतील कृषी सेवा केंद्रांत युरिया व मिश्रखतांच्या गोण्यांशेजारी सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या पिशव्या आणि बाटल्या रचल्या जातात. विक्रेते त्यांना ‘टॉनिक’ म्हणतात, शेतकरीही तोच शब्द वापरतात, आणि एकच मिश्रण भाताला, भेंडीला, काकडीला, आंब्याला, इतकेच काय, ठाणे व नवी मुंबईतील गच्चीवरच्या कुंड्यांनाही दिले जाते. मी ठाण्यातील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे. माझ्या सासरची भातखाचरे मुरबाड तालुक्यात आहेत आणि ती माझे दीर आजही कसतात, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी केवळ पाठ्यपुस्तकातला नाही. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या वापराला माझा मुळीच विरोध नाही. कोकणातील पाण्याखालच्या भाताची जमीन आणि देशावरची काळी जमीन यांत फरक न करता, पिकाच्या शरीरात त्या वेळी काय चालू आहे हे न पाहता ती दिली जातात, याला मात्र आहे. ही पद्धत बदलावी एवढ्यासाठी हे थोडे लांबलेले पत्र लिहीत आहे.

वनस्पतीला आवश्यक ठरलेली मूलद्रव्ये १७ आहेत. त्यांतील लोह, मंगल (मँगनीज), जस्त, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन आणि निकेल ही आठ अत्यल्प प्रमाणात लागतात, म्हणून त्यांना सूक्ष्म अन्नद्रव्ये म्हणतात. निरोगी पिकाच्या एक किलो वाळलेल्या भागात नत्र साधारण १५ ग्रॅम किंवा त्याहून अधिक असते, तर जस्त २० मिलिग्रॅमच्या आसपास आणि मॉलिब्डेनम मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शाएवढे असले तरी पुरते. एखादे मूलद्रव्य आवश्यक केव्हा मानावे याचे निकष आर्नॉन आणि स्टाउट या शास्त्रज्ञांनी १९३९ साली मांडले. ते मूलद्रव्य नसेल तर पिकाचे जीवनचक्र पूर्ण होत नाही, दुसरे कोणतेही मूलद्रव्य त्याची जागा घेऊ शकत नाही आणि वनस्पतीच्या चयापचयात त्याचा थेट सहभाग असतो, असे ते निकष आहेत. यातील दुसरा निकष शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण जस्ताची उणीव असलेल्या पिकाला लोह, तांबे आणि मंगल कितीही दिले तरी ती उणीव तशीच राहते. मिश्रणाच्या पिशवीवर पाच-सहा मूलद्रव्यांची नावे वाचून वाटणारा भरवसा या ठिकाणी फसवा ठरतो.

भातापुरते बोलायचे तर पहिला मान जस्ताला द्यावा लागतो. जस्त हे वनस्पतीतील अनेक विकरांचा (एन्झाइमचा) घटक आहे. कार्बन डायऑक्साइडचे बायकार्बोनेटमध्ये जलद रूपांतर करणारे कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज, पाण्याखाली प्राणवायू तुटला की मुळांना तात्पुरती ऊर्जा मिळवून देणाऱ्या किण्वनातील अल्कोहोल डिहायड्रोजिनेज, जनुकांतील संदेश उतरवून घेणारे आरएनए पॉलिमरेज, या सर्वांना जस्त लागते. प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोमची घडण जस्तावाचून टिकत नाही. वाढ घडवणाऱ्या ऑक्झिन या संप्रेरकाची पातळीही जस्त कमी पडले की घसरते, म्हणूनच पेरे आखूड राहतात आणि पाने बारीक होतात. पेशीच्या पटलाचा अभेद्यपणाही जस्तावर अवलंबून असतो आणि जस्ताअभावी मुळांची पटले गळू लागतात. लावणीनंतर दोन ते चार आठवड्यांत रोपे खुजी राहणे, खालच्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके येणे, कोवळ्या पानांचा मधल्या शिरेजवळचा भाग बुंध्याकडे फिकट पडणे आणि फुटवे कमी येणे, ही लक्षणे या सगळ्याचा एकत्रित परिणाम आहेत. उत्तरेकडील तराई भागात भातावर दिसणारा खैरा हा विकार जस्ताच्या कमतरतेमुळे होतो, हे डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी पंतनगर येथे १९६६ साली दाखवून दिले. तोपर्यंत तो रोग समजला जात होता. ०.५ टक्के झिंक सल्फेट आणि ०.२५ टक्के चुना यांच्या फवारणीने तो आटोक्यात येतो, हे ज्ञान आज सर्वत्र पोहोचले आहे.

आता प्रश्न असा की खाचरात जस्त असूनही भाताला ते कमी का पडते. चिखलणी करून पाणी साठवले की जमिनीतील प्राणवायू थोड्याच दिवसांत संपतो. त्यानंतर मातीतील जिवाणू श्वसनासाठी क्रमाने नायट्रेट, मंगलाची ऑक्साइडे, लोहाची ऑक्साइडे आणि शेवटी सल्फेट वापरतात. या क्रियेत आम्लधर्मी जमिनीचा सामू (पीएच) हळूहळू उदासीनतेकडे सरकतो, पाण्यात बायकार्बोनेट वाढते आणि जस्ताची विद्राव्यता घटते. काही जस्त सल्फाइडच्या रूपात अडकते, काही कार्बोनेटच्या रूपात, तर काही लोहाच्या नव्याने तयार झालेल्या कणांवर चिकटून बसते. लोह आणि मंगल यांची गत याच्या नेमकी उलट असते. कोरड्या जमिनीत गंजाच्या रूपात अविद्राव्य असलेले लोह पाण्याखाली फेरस रूपात येते आणि मुळांना विपुल मिळू लागते. म्हणजे एकाच खाचरात, एकाच आठवड्यात, एका मूलद्रव्याची चणचण आणि दुसऱ्याची रेलचेल सुरू होते. कोकणातील जांभ्या दगडापासून बनलेल्या जमिनींत मुळात लोह भरपूर असल्याने ही रेलचेल कधीकधी विषारी पातळीला जाते. पेशीत शिरलेले जादा फेरस लोह तीव्र ऑक्सिडीकारक मूलके, म्हणजे पेशींची हानी करणारे अतिक्रियाशील कण, निर्माण करते, पानांवर टोकाकडून कांस्यवर्णी डाग पसरत येतात आणि मुळांवर लोहाचा तांबडा लेप चढून अन्य अन्नद्रव्यांचे शोषण मंदावते. या मूलकांपासून बचाव करणाऱ्या सुपरऑक्साइड डिसम्युटेज या विकराच्या एका प्रकारात तांबे आणि जस्त ही दोन्ही असतात. जस्त कमी पडलेल्या रोपात ही बचावाची यंत्रणाच दुबळी झालेली असते, त्यामुळे लोहाचा त्रास त्याला अधिक होतो.

महाराष्ट्र शासनाने जमिनीतून देण्यासाठी ठरवलेल्या सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या ग्रेड १ मिश्रणात जस्त ५ टक्के, लोह २ टक्के, मंगल १ टक्का, बोरॉन १ टक्का आणि तांबे ०.५ टक्का असते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीतील कापूस, सोयाबीन, ऊस अशा पिकांना, जिथे लोह आणि जस्त दोन्ही अडकलेले असतात, तिथे या मिश्रणाला अर्थ आहे. पाण्याखालच्या जांभ्या जमिनीत काय होते ते साध्या हिशेबाने पाहता येते. एका हेक्टरच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे २० लाख किलो माती असते. तीत लोह ५ टक्के धरले, आणि जांभ्या जमिनीत ते याहून जास्तच असते, तरी ते १ लाख किलो होते. त्यात २५ किलो ग्रेड १ मधून जाणारे अर्धा किलो लोह ना उपयोगाचे ना अपायाचे, ते केवळ वाया जाणारे पैसे आहेत. खरे नुकसान दुसरीकडे आहे. त्या २५ किलो मिश्रणातून जस्त मिळते सव्वा किलो, तर तेवढ्याच २५ किलो साध्या झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेटमधून, त्यात जस्त २१ टक्के असल्याने, सव्वापाच किलो मिळते. भातासाठी हेक्टरी ५ किलोच्या आसपास जस्त द्यावे आणि ते दोन-तीन हंगामांतून एकदाच द्यावे, ही सर्वमान्य शिफारस आहे. मिश्रणाची पिशवी घेणाऱ्याला वाटते की आपण जस्त दिले, प्रत्यक्षात त्याने गरजेच्या चौथ्या हिश्शाएवढेच दिलेले असते. फवारणीसाठीच्या ग्रेड २ मध्ये लोह २.५ टक्के असते. कांस्यवर्णी डाग पडलेल्या भातावर ते फवारणे म्हणजे ज्या मूलद्रव्याने पीक आजारी आहे तेच पुन्हा पानांवाटे देणे होय. त्या वेळी खाचरातील पाणी काही दिवस काढून टाकणे, मुळांना हवा मिळू देणे आणि पालाश कमी पडू न देणे हा उपाय आहे.

जस्त देण्याच्या वेळेबद्दलही दोन शब्द सांगणे आवश्यक वाटते. पाणी साठल्यावर जस्त अडकण्याची क्रिया आणि रोपाला फुटव्यांसाठी ते सर्वाधिक लागण्याची वेळ एकाच काळात येतात, म्हणून ते शेवटच्या चिखलणीच्या वेळी मातीत वरवर मिसळावे किंवा रोपवाटिकेच्या वाफ्यातच द्यावे. लावणीपूर्वी रोपांची मुळे २ टक्के झिंक ऑक्साइडच्या गढूळ द्रावणात बुडवून काढण्याची पद्धतही स्वस्त आणि परिणामकारक आहे, पण ती आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. झिंक सल्फेट आणि डायअमोनियम फॉस्फेट (डीएपी) एकत्र मिसळू नये, कारण स्फुरदाशी संयोग होऊन जस्ताचा अविद्राव्य साका बनतो. या रासायनिक गुणाचा शेतकऱ्याला आणखी एक उपयोग आहे. झिंक सल्फेटच्या नावाखाली स्वस्तातले मॅग्नेशियम सल्फेट विकण्याची भेसळ होते. डीएपीच्या पाण्यात खऱ्या झिंक सल्फेटचे द्रावण ओतले की घट्ट साका बसतो, मॅग्नेशियम सल्फेटचे ओतले तर तसा बसत नाही. घरी दोन काचेच्या पेल्यांत करण्यासारखी ही परीक्षा प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर लिहून लावली पाहिजे.

बोरॉनचे स्वरूप निराळे आहे. तो बहुतेक विकरांचा घटक नाही, तो पेशीभित्तिकेची बांधणी करतो. भित्तिकेतील रॅम्नोगॅलॅक्टुरोनन-२ या पेक्टिनच्या दोन रेणूंना बोरॉन एकत्र बांधून ठेवतो, ही गोष्ट १९९० च्या दशकात स्पष्ट झाली आणि त्याआधी विखुरलेल्या वाटणाऱ्या लक्षणांचा उलगडा झाला. जिथे पेशी झपाट्याने वाढतात, तिथे नवी भित्तिका घडत असते आणि तिथेच बोरॉनची टंचाई प्रथम जाणवते. शेंडा, मुळाचे टोक आणि विशेषतः परागनलिका ही ती ठिकाणे. परागकण कुक्षीवर पडूनही त्याची नळी बीजांडापर्यंत पोहोचली नाही तर फळ धरत नाही, म्हणून पाने हिरवीगार असतानाही आंब्याचा मोहर गळतो, वेलीच्या भाज्यांत फळधारणा कमी होते, भाताच्या लोंबीत पोचट दाणे वाढतात. अर्थात या तिन्हींची इतर कारणेही असतात, पण बोरॉनची शक्यता तपासल्याशिवाय सोडू नये. बहुतेक पिकांत बोरॉन जुन्या पानांतून नव्या भागांकडे वाहून जात नाही. त्यामुळे वाढीच्या सुरुवातीला केलेली फवारणी फुलोऱ्याला उपयोगी पडत नाही, ती फुलोऱ्याच्या अगदी आधी करावी लागते. पीक कोणत्या अवस्थेत आहे हे पाहण्याचा आग्रह मी धरते तो यासाठीच.

बोरॉन जमिनीत टिकतही नाही. बोरिक आम्लाच्या स्वरूपात तो विद्युतभारविरहित असल्याने पावसाच्या पाण्याबरोबर सहज खाली निघून जातो, आणि आपल्याकडे चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत, जिथे नाचणी आणि वरी होते किंवा आंब्याच्या बागा आहेत, तिथे बोरॉन कमी असण्याची शक्यता पुष्कळ आहे. खाडीकाठच्या खार जमिनींचे चित्र वेगळे आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास बोरॉन असतो आणि क्लोरीन तर मिठातच आहे, त्यामुळे भरतीच्या पाण्याचा संसर्ग असलेल्या खाजणात बोरॉन वरून देणे बहुधा अनावश्यक आणि काही वेळा घातक ठरते. बोरॉनची गरज आणि त्याची विषबाधा यांतील अंतर स्वयंपाकातल्या मिठासारखे अरुंद आहे. गरम पाण्यात विरघळणारा बोरॉन किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी असेल तर उणीव समजतात आणि काही मिलिग्रॅमच्या वर गेला तर नाजूक पिकांची पाने कडेने करपू लागतात. गच्चीवर बाग करणाऱ्या माझ्या शहरी मैत्रिणींनाही हे सांगावेसे वाटते, कारण कुंडीतील चार-पाच किलो मातीत चमचाभर बोरॅक्स ही मात्रा फारच मोठी होते.

भातानंतर त्याच खाचरात ओलीवर घेतला जाणारा वाल हा आपल्या भागातील रब्बीचा मोठा आधार आहे, आणि त्याच्या बाबतीत मॉलिब्डेनमचा विचार क्वचितच होतो. हवेतील नत्र स्थिर करणाऱ्या नायट्रोजिनेज विकराच्या केंद्रस्थानी लोह आणि मॉलिब्डेनम असतात. वनस्पतीने शोषलेल्या नायट्रेटचा उपयोग करून देणाऱ्या नायट्रेट रिडक्टेजलाही मॉलिब्डेनम लागते. इतर बहुतेक सूक्ष्म अन्नद्रव्ये आम्ल जमिनीत अधिक मिळतात, मॉलिब्डेनम मात्र आम्ल जमिनीत अडकते. पावसाळ्यात पाण्याखाली उदासीनतेकडे सरकलेला जमिनीचा सामू पाणी ओसरल्यावर पुन्हा आम्ल होतो आणि नेमक्या वालाच्या वेळी मॉलिब्डेनम दुर्मीळ होते. मुळांवरील गाठी फोडून पाहिल्या आणि त्या आतून गुलाबी न दिसता फिकट दिसल्या, तर नत्र स्थिरीकरण नीट होत नाही एवढे ओळखता येते. त्यावर युरिया टाकण्याऐवजी बियाण्याला रायझोबियम या गाठींतील जिवाणूंबरोबर मॉलिब्डेनमची अत्यल्प मात्रा देणे किंवा चुना घालून सामू सुधारणे हे योग्य आहे. चुन्याने अडकलेले मॉलिब्डेनम मोकळे होते, पण अति चुन्याने जस्त, लोह, मंगल आणि बोरॉन अडकतात, तेव्हा त्याचीही मात्रा परीक्षणावरूनच ठरवावी लागते.

वाशीच्या बाजार समितीत आणि ठाण्याच्या मंडईत येणाऱ्या स्थानिक भेंडीबाबत आणखी एक गोष्ट नेहमी घडते. पाने पिवळी दिसली की सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी केली जाते. पण लोहाच्या कमतरतेत शेंड्याकडच्या कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधला भाग पिवळा पडतो, कारण हरितद्रव्य घडवण्याच्या साखळीत लोह लागते आणि ते जुन्या पानांतून नव्या पानांकडे सहजी जात नाही. भेंडीवरील विषाणुजन्य रोगात याच्या उलट शिराच पिवळ्या पडतात आणि पुढे सारे पान पिवळे होते. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. त्यावर कोणत्याही अन्नद्रव्याचा उपयोग नाही. रोगट झाडे उपटणे, पांढऱ्या माशीचा बंदोबस्त आणि रोगप्रतिकारक वाणाची निवड हेच करावे लागते. पान हातात घेऊन शिरा पाहण्याएवढी साधी गोष्ट पाळली तर भेंडीवरचा बराच अनाठायी फवारा वाचेल. नत्राच्या कमतरतेत आधी जुनी पाने पिवळी होतात, लोहाच्या कमतरतेत आधी कोवळी होतात, एवढा फरक शाळेतल्या मुलांनाही शिकवता येतो, आणि मी तो वर्षानुवर्षे खाचराच्या बांधावर बसून शिकवला आहे.

‘मग जमिनीचे परीक्षण करा’ असे म्हणून बहुतेक लेख संपतात. परीक्षण अवश्य करावे, पण आपल्या जमिनीसाठी त्याचा अर्थ लावताना काळजी घ्यावी लागते. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन यांच्यासह १२ घटक तपासले जातात, हे तिचे मोठेच योगदान आहे. परंतु योजनेच्या पहिल्या टप्प्यांत नमुना बागायतीत अडीच हेक्टरमागे एक आणि कोरडवाहूत दहा हेक्टरमागे एक घेण्याची पद्धत होती. देशावरच्या सपाट रानात ती चालू शकते. आपल्याकडे दहा हेक्टरांत वरकस उतार, मधली माळजमीन आणि तळाची पाणथळ खाचरे अशी तीन वेगळी रूपे येतात, आणि त्या सर्वांची एक पत्रिका कोणालाच लागू पडत नाही. दुसरा मुद्दा पद्धतीचा आहे. जस्त, लोह, मंगल आणि तांबे मोजण्यासाठी वापरली जाणारी डीटीपीए पद्धत लिंडसे आणि नॉरवेल यांनी उदासीन व चुनखडीयुक्त जमिनींसाठी विकसित केली, तिच्या द्रावणाचा सामू ७.३ ठेवलेला असतो. जस्तासाठी किलोमागे ०.६ मिलिग्रॅम आणि लोहासाठी ४.५ मिलिग्रॅम या तिच्या प्रचलित मर्यादा आहेत. प्रयोगशाळेत जाणारा नमुना उन्हाळ्यातला, वाळवलेला, हवा लागलेला असतो, तर भात वाढतो तो जुलैतल्या प्राणवायूहीन चिखलात. कोरड्या नमुन्यात पुरेसे दिसणारे जस्त चिखलात अपुरे पडू शकते आणि कोरड्या नमुन्यात मध्यम दिसणारे लोह चिखलात अतिरिक्त होऊ शकते. म्हणून मातीच्या अहवालाबरोबर लावणीनंतर तीन-चार आठवड्यांनी पानांचे परीक्षण आणि पिकाचे प्रत्यक्ष निरीक्षण जोडले पाहिजे.

या विषयाचा संबंध ताटातल्या भाताशीही आहे, म्हणून तो केवळ शेतकऱ्यांचा मानू नये. माणसाच्या वाढीसाठी जस्त आवश्यक असते आणि त्याच्या अभावी वाढ खुंटते, हे डॉ. आनंद प्रसाद यांच्या कामातून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे आले. ज्यांचे पोट मुख्यत्वे पॉलिश केलेल्या तांदळावर भरते, त्यांना जस्त कमी मिळते, कारण ते काही अंशी कोंड्याबरोबर निघून जाते. फुलोऱ्यानंतर दाणे दुधात असताना पानांवर जस्ताची फवारणी केली तर दाण्यातील जस्त वाढते. गव्हात हा परिणाम ठळक दिसतो, भातात तो त्या मानाने कमी असतो, तरीही नगण्य नाही. उत्पादनासाठी द्यायचे जस्त लावणीच्या वेळी आणि दाण्याच्या सकसपणासाठी द्यायचे जस्त दाणे भरताना, असे हे दोन निराळे हेतू आहेत आणि त्यांच्या वेळाही निराळ्या आहेत. बाटलीवरील ‘कोणत्याही अवस्थेत फवारा’ या सूचनेत दोन्ही हेतू हरवतात. जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांत कुपोषणाचा प्रश्न कायम असताना या दुसऱ्या हेतूकडे कृषी आणि आरोग्य या दोन्ही विभागांनी एकत्र पाहावे, असे मला मनापासून वाटते.

आपल्या दैनिकाला आणि संबंधितांना माझ्या काही विनंत्या आहेत. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची कर्जत आणि पनवेल येथील संशोधन केंद्रे आपल्या अगदी जवळ आहेत, एक भातावर आणि दुसरे खार जमिनीवर काम करणारे. पाणथळ खाचर, वरकस आणि खार जमीन यांसाठी सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या वेगवेगळ्या शिफारशी त्यांच्याकडून घेऊन कृषी विभागाने त्या मराठीत, एका पानात, प्रत्येक कृषी सेवा केंद्रात लावाव्यात. भातखाचरांसाठी लोह आणि मंगल नसलेले, जस्तप्रधान मिश्रण किंवा थेट झिंक सल्फेट सहज मिळेल अशी व्यवस्था करावी. आपल्या दैनिकाच्या कृषी सदरात पिकाला सूक्ष्म अन्नद्रव्ये देण्याचा सल्ला छापताना कोणत्या जमिनीत, कोणत्या अवस्थेत आणि कोणत्या लक्षणावर, हे तिन्ही प्रश्न लेखकाला विचारावेत आणि उत्तर नसेल तर तो सल्ला छापू नये.

शेतकरी बंधू-भगिनींना एवढेच सांगायचे आहे की टॉनिक वापरायचेच असेल तर खाचराचा एक वाफा तसाच कोरा सोडावा, त्यावर काठी रोवून खूण करावी आणि कापणीला दोन्हींचे धान्य वेगळे मोजावे. मातीचा नमुना काढायचा असेल तर पहिल्या पावसाआधी, उताराचा वेगळा, माळाचा वेगळा आणि खाचराचा वेगळा काढावा. तो लोखंडी घमेल्यात किंवा जस्ताच्या बादलीत गोळा करू नये, प्लास्टिकच्या भांड्यात करावा, नाहीतर भांड्याचेच लोह आणि जस्त अहवालात उतरते.

आपली विश्वासू,
वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त अध्यापिका, ठाणे